ताटानं सासूला वांझ ठरवलं

मंगळवारच्या बाजारामागं बायांची ही झुंबड! मोहोळच्या, वळसंगच्या, पेठांतल्या. कुणाची ओटी भरलेली, कुणाचे डोळे. मधोमध चौरंगावर ताटवाले महाराज, पुढ्यात हळदीच्या पाण्याचं ताट.

"हाथ डालो माई! पिवळं राहिलं तर कूस मोकळी, लाल झालं तर कुशीला कुलूप! ओम् फट् फळ फळ स्वाहा!"

"आन् बाप्यांचा हात?" मागून एकीनं विचारलं.

"मर्द तो सूरज है! सूर्याला कधी डाग लागतो?"

"गिराण लागतंय की!"

बाया खुदकल्या. महाराजांनी डोळे मिटले. अडचणीच्या वेळी त्यांची समाधी लगेच लागत असे.

रांगेतल्या फुलाबाईला हसू आलं नाही. लग्नाला सहा वर्षं झाली, कूस उजवली नाही. नवरा बाळासो एरवी मेंढरांमागं रानोमाळ; आज आईनं त्यालाही बोलावून आणलं होतं. आज ताट लाल झालं, तर सासू केराबाई त्याच्यासाठी दुसरीची सुपारी फोडणार होती. सुपारी चंचीत घालूनच म्हातारी आली होती. आल्याआल्या चेल्याच्या कानाशीही लागली होती.

चेल्यापाशी दोन तांबे होते. त्यातला एक उचलून त्यानं फुलाबाईच्या हातांवर 'तीर्थ' ओतलं. तिनं ओले हात ताटात घातले. पाणी लालभडक!

"कुलूप! जंगी कुलूप! दुसरी करा!"

फुलाबाईनं नवऱ्याकडं पाहिलं. बाळासो जमिनीकडं बघत राहिला.

केराबाई मात्र खुलली. चेला नवं पिवळं ताट मांडेपर्यंत तिनं चंची सोडली, अंगठ्यानं पानाला चुना फासला, विडा गालात सारला. मग सुपारी काढली. "म्हाराज, हिला बी तीर्थ लागू द्या," म्हणत तिनं बोटांसकट ती ताटात बुडवली.

बोटांभोवती पाणी लाल झालं.

"अगं बया! केराबाईची बी कूस बंद!"

"मंग ह्यो बाळासो कुटनं आला? मेंढीनं दिला व्हय?"

हशा उसळला. महाराज ओरडले, "बुढ्ढीके मन में पाप है!"

फुलाबाई सासूच्या अंगठ्याकडं बघत होती. नखात पांढरा चुना. तिची आई हळदीत चुना कालवूनच कुंकू करायची. सहा वर्षांची आग तिच्या डोक्यात गेली. तिनं चेल्याच्या हातातला तोच तांब्या हिसकावला.

"धनी, हात करा."

बाळासोनं हात पुढं केला. तीर्थ ओतलं, हात ताटात. पाणी आणखी लाल.

"चुन्याची निवळी हाय ही! दुसऱ्या तांब्यात साधं पाणी आसंल. सासूच्या मनात काय हाय ते आदी इचारायचं, मंग तांब्या निवडायचा!"

महाराज उठू लागले. चौघीजणींनी त्यांना बसवलं, निवळी ओतली, नव्या ताटात हात दाबला. लाल!

"म्हाराज, तुमच्या बी कुशीला कुलूप! आता सवत कुणाला आणायची?"

फुलाबाई सासूकडं वळली. "आत्याबाई, मेंढ्या गाबण ऱ्हायल्या न्हाईत, तर तुमी आदी काय बदलता?"

"मेंढा," केराबाई सवयीनं बोलून गेली आणि जीभ चावली.

तिसऱ्या प्रहरी तिघं दाक्षायणीबाई डॉक्टरांच्या दवाखान्यात गेली. बाईंनी आधी बाळासोलाच विचारलं, "घरी कधी असता?"

"म्हैन्यातनं दोन दिस. ही पाळीतनं उटली की आई सांगावा धाडती."

"आणि तिसऱ्या दिवशी रानात! अहो, जमिनीला पेरणीची घात यायच्या आधीच पेरून निघून जाता, मग उगवेल काय? पाळी अठ्ठावीस दिवसांनी येत असेल, तर पहिल्या दिवसापासून मोजा आणि दहाव्यापासून सतराव्यापर्यंत घरी राहा. आणि तपासणी दोघांची. तुमचं बीज मी सूक्ष्मदर्शकाखाली पाहणार."

"माजं?"

"मेंढा पारखून घेता ना?"

मूल होईलच, असं बाई म्हणाल्या नाहीत. तसं फक्त महाराज म्हणतात. पण दवाखान्याच्या पायरीवर केराबाईनं ती सुपारी काढली, अडकित्त्यानं कातरली आणि खाऊन टाकली.

वाचणाऱ्या, तुझ्या घरात हळद आहे, चुनाही आहे. आजच कालवून बघ. पाणी लाल होईल आणि त्यात कुणाची कूस दिसणार नाही. मूल दोघांचं असतं. होत नसेल तर दोघांनी डॉक्टरकडं जावं. एकटीचा हात ताटात घालणाऱ्या घराला बुवा लुबाडत नाही. ते घरच त्याला बोलावून आणतं.