लेकराच्या गोळ्या

पंचमीला पालमला माहेरी गेलेली शिवकन्या ताडकळसला परत आली, तेव्हा तिची सासू शांतम्मा अंगणात मूग पाखडत बसली होती. सुनेनं पिशवी खाली ठेवली आणि लाजतच म्हणाली, "आत्याबाई, मला तिसरा महिना सरला."

शांतम्माच्या हातातलं सूप थांबलं. शिवकन्येचं पहिलं लेकरू पाठीवर उघडी गाठ घेऊन जन्मलं आणि बारशाच्या आतच गेलं. तेव्हा डॉक्टरांनी बजावलं होतं, पुढच्या खेपेला दिवस जायच्या आधीपासूनच या पिवळ्या गोळ्या रोज घ्यायच्या.

"गोळ्या चालू हायत ना?"

"चालू करायल्ये की आता." शिवकन्या हसली. "आई म्हणली, पोटात लेकरू न्हाई अन् लेकराच्या गोळ्या खायलीस? देवाला वाटंल, हिला लय घाई झाली. तिसरा सरू दे, मग घे."

"अन् मी रोज विचारायचे, तवा हो म्हणायचीस ते?"

"तुमी रागावता म्हणून."

शांतम्माला ओरडावंसं वाटलं. पण पोटुशी पोर उन्हातून आलेली. तिनं पाण्याचा तांब्या भरून दिला. लेकराची पाठ पहिल्या महिन्यातच बनते, उघडी राहिली तर मागून गोळ्या खाऊन मिटत नाही, हे डॉक्टरांनी दोघींसमोर सांगितलं होतं. शिवकन्या तेव्हा रडत होती. तिनं काय ऐकलं असणार!

दर खेपेला तसंच होतं असं नाही, हेही डॉक्टर म्हणाले होते. शांतम्मा तेवढंच धरून राहिली. गल्लीत नवी सून आली की ती जाऊन म्हणायची, "दिवस जायची वाट बघू नको, आताच गोळ्या विचार." शेजारची दगडाबाई टोमणा मारायची, "हळद निघाली न्हाई अजून पोरीची, अन् तुमी बाळंतविडा घिऊन निघालाव!"

पाचव्या महिन्यात परभणीला सोनोग्राफी झाली. डॉक्टरीणबाई पडद्यावर एकाच जागी बघत राहिल्या. मग त्यांचा आवाज खाली आला.

"मणक्याला फट दिसतीय. मोठ्या दवाखान्यात दाखवावं लागेल."

शिवकन्या टेबलावर उठून बसली. "असं कसं? पंचमीपासून एक बी गोळी चुकवली न्हाई मी. आत्याबाई, सांगा ना त्यांना."

शांतम्मानं तिचा हात धरला.

"खरं हाय, बाई," ती डॉक्टरीणबाईंना म्हणाली. "एक बी चुकवली न्हाई तिनं."