खोटी सरळ रेघ

मी एक जुना भरतीमापक आहे, आणि माझ्या काचेच्या पेटीखाली ‘याने बंदर वाचवलं’ असं जे लिहिलंय ते साफ खोटं आहे. मित्रांनो, तुम्ही सहलीला येता, ती पाटी वाचता, टाळ्या वाजवता. टाळ्या थांबवा आणि ऐका.

माझी बांधणी साधी. धक्क्याच्या टोकाला एक खोली, तिच्या जमिनीतून समुद्रात सोडलेला जाड नळ, नळातल्या पाण्यावर तरंगणारा पोकळ गोळा. पाणी चढलं की गोळा चढायचा, तार सरकायची आणि फिरत्या कागदावर माझं पेन वर जायचं. ओहोटीला खाली. नळाच्या तळाशी एक भोक होतं. तेच माझं तोंड.

हे तोंड मुद्दाम लहान ठेवतात, म्हणजे वाऱ्याच्या बारीकसारीक लाटांनी रेघ थरथरत नाही. पण बंदराच्या अधिकारीबाईंना नीटनेटकेपणाचं भारी वेड. त्यांनी त्यावर आणखी बारीक भोकाची चकती ठोकून घेतली. मग रेघ अशी सुरेख यायला लागली की मुख्य कार्यालयाने माझे कागद इतर बंदरांना नमुना म्हणून पाठवले. मी फुगलो. चकतीवर शिंपले चिकटत होते, तिकडे कोण बघतो? रेघेतला जीव जात होता आणि शाबासकी वाढत होती.

शेवटी रेघ भरतीच्या मागे रेंगाळायला लागली, तेव्हा बाईंनी पाणबुड्याला बोलावलं. तो त्यांचा धाकटा दीर. कमरेला दोरी बांधता बांधता म्हणाला, “वहिनी, याचे दात घासायचं आत्ता आठवलं होय?”

तेवढ्यात खोली हलली. दणका नव्हता. झोपाळ्यावर बसल्यासारखं सावकाश, पण थांबेचना. दिवा डोलत राहिला. काही फुटलं नाही, भिंतीला तडा गेला नाही, म्हणून सगळे हसले. दीर पाण्यात उतरला, त्याचा जोडीदार वर दोरी धरून उभा राहिला.

थोड्या वेळाने मुख्य कार्यालयातल्या साहेबांचा फोन आला. भूकंपमापक सांगत होते की भूकंप मोठा आहे आणि दूर समुद्राच्या तळाखाली आहे. पण प्रत्येक भूकंपाने त्सुनामी येत नाही. तळ नुसता आडवा सरकला तर पाणी बहुधा जागच्या जागी राहतं. तळ वर उचलला गेला किंवा खाली खचला, तर वरपासून खालपर्यंत अख्खं पाणी ढकललं जातं. ती लाट खोल समुद्रात एवढीशी असते, जहाजाला कळतसुद्धा नाही, पण विमानाच्या वेगाने धावते. किनाऱ्याजवळ वेग घटतो आणि उंची चढते. समुद्राच्या तळावर ठेवलेली यंत्रं डोक्यावरच्या पाण्याचा दाब मोजून तिला ओळखतात. आमच्या वाटेवरचं तसलं यंत्र बंद पडलं होतं आणि दुरुस्तीला कुणाला सवड झाली नव्हती. म्हणून साहेबांची सगळी मदार माझ्यावर.

“रेघ काय म्हणतेय?”

“सरळ आहे.”

“मग भोंगा नको. मागच्या वेळी उगाच पळापळ झाली, शिव्या आपण खाल्ल्या. रेघ हलली की वाजवा.”

बाईंनी फोन कानाला धरूनच खिडकीतून बघितलं. मासळीबाजार गजबजलेला. होड्यांचे दोर ताणले होते आणि सगळ्या होड्या समुद्राच्या दिशेने ओढ घेत होत्या. धक्क्याच्या खांबांवरचा जो भाग ओहोटीलाही बुडालेला असतो, तो उघडा पडला होता. आणि मी? बाहेर समुद्र निघून चालला होता, मी आत पाणी कोंडून सरळ रेघ ओढत होतो. घसा असता तर फाटेपर्यंत ओरडलो असतो.

रेघ खोटी म्हणायची, तर इतक्या दिवसांचं कौतुकही खोटं, आणि चकती बाईंचीच. गप्प बसायचं, तर समोर बाजार आणि खाली दीर.

“साहेब, ही रेघ खोटी आहे. मीच यंत्राचं तोंड आवळून ठेवलंय. मी भोंगा वाजवते.”

पलीकडून साहेब काहीतरी बोलत राहिले. बाईंनी फोन टाकला, भोंग्याची कळ ओढली आणि धावत जाऊन दोरीला हात घातला. दोरी खांबांत अडकली होती. दोघांनी पाय रोवून ओढली, सुटेना. बाजार टेकडीकडे पळत सुटला. जोडीदार म्हणाला, बाई, तुम्ही जा, मी बघतो. त्या हलल्या नाहीत. मग पाणी इतकं उतरलं की खांबाला मिठी मारून बसलेला दीर चिखलात दिसू लागला. त्याने सुरीने दोरी कापली आणि शिडी चढून वर आला.

“वहिनी, समुद्र कुठे गेला?”

“येतोय. पळ.”

लाटेने माझी खोली नेली, नळ पिळून टाकला, बाजारातलं एक छप्पर ठेवलं नाही. माणसं टेकडीवर होती, तिघंही होती. मी आणि माझा शेवटचा कागद नंतर चिखलात सापडलो. फाटलेल्या कडेपर्यंत कागदावर रेघ सरळच आहे.

मित्रांनो, आता माझ्या जागी नवं यंत्र बसलंय. त्याच्यावर विश्वास ठेवा, पण त्याची सफाई शेवटची कधी झाली हे मोठ्यांना विचारत जा. ते चिडले तर चिडू देत. आणि किनाऱ्यावर असताना जमीन बराच वेळ हलत राहिली, मग ती कितीही हळू का हलेना, तर कुठल्याही रेघेची वाट बघू नका, भोंग्याचीही नको. शेजारच्याचा हात धरा आणि चढाकडे पळा.