पट्टीवरचे नाव

इतवारीतल्या भांडेबाजारात नत्थूजींचे दुकान होते आणि त्या दुकानातून बिननावाचे भांडे सहसा बाहेर जात नसे. गिऱ्हाईक कितीही घाईत असो, नत्थूजी त्याला बाकावर बसवत, भांडे मांडीवर घेत आणि बारीक छिन्नीवर हातोडीचे हलके ठोके देत एकेक ठिपका उठवून नाव घालत. लग्नकार्यात भांडी एकमेकांच्या घरी जातात, परत येताना बदलतात आणि मग शेजारणींमध्ये वर्षानुवर्षे अबोला राहतो. "नाव नाई त्याले मालक नाई," असे ते म्हणत. मुलगी देवकी हिला लग्नात दिलेल्या परातीपासून चमच्यापर्यंत सगळ्यावर तिचे नाव होते. जावई मार्तंड गमतीने म्हणे, "मामाजी, माझ्यावरच तेवढं राहिलं."

"थांबा ना जवाईबापू, कपाळ मोकळंच हाये तुमचं," नत्थूजी म्हणत.

मार्तंड कोराडीच्या वीजकेंद्रात प्रयोगशाळेत होता. बॉयलरची जुनी झालेली नळी बदलली की तिचा तुकडा त्याच्या टेबलावर येई. तो तुकडा कापायचा, आरशासारखा घासायचा, त्यावरून ॲसिडचा बोळा फिरवायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरायचा. नुसत्या डोळ्यांना सलग दिसणारे पोलाद तिथे लहान लहान कणांचे दिसे, बांधांनी वाटलेल्या वावरासारखे. तडा गेलेला असला तर तो बहुधा एखाद्या क्षुल्लक जागेतूनच निघालेला असे. एक ओरखडा, गंजाचा एखादा खळगा. सगळा ताण तिथे गोळा होतो. एका धक्क्याने काही बिघडत नाही. तोच धक्का लाखो वेळा बसला की तडा केसाकेसाने पुढे सरकतो, आणि एके दिवशी उरलेल्या धातूला भार झेपत नाही. हे त्याचे रोजचे काम होते. घरी तो त्याबद्दल बोलत नसे.

एकोणऐंशीच्या पावसाळ्यात बसमधून उतरताना देवकीचा पाय साडीत अडकला आणि ती फुटपाथच्या कडेवर पडली. मांडीचे हाड मधोमध मोडले. रामदासपेठेतल्या एका दवाखान्यात ऑपरेशन ठरले. हाडाला बसवायची पोलादी पट्टी तेव्हा नातेवाइकांनाच बाहेरून आणून द्यावी लागे. मार्तंड रक्ताच्या बाटलीसाठी धावत होता, म्हणून पट्टी आणायला नत्थूजी गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी ती फडक्यात गुंडाळून आणून दिली. ऑपरेशन चांगले झाले. आठदहा दिवसांनी देवकी कोराडीच्या वसाहतीतल्या क्वार्टरमध्ये परतली. बगलेत कुबड्या आल्या, धुणीभांडी करायला तुळसाबाई येऊ लागली आणि सगळे मार्गाला लागल्यासारखे वाटले.

संक्रांतीला देवकीने पलंगावर बसूनच हळदीकुंकू करायचे ठरवले. वाणासाठी नत्थूजींनी दुकानातून पोलादी वाट्या आणल्या. देवकीने एक वाटी उलटीसुलटी करून पाहिली.

"काहून बाबा, बिननावाच्या वाट्या? तब्येत बरी हाये ना तुमची?"

"दुसऱ्याच्या घरी जानारी वस्तू हाये वं ते," नत्थूजी म्हणाले. "तुही जे वस्तू हाये, तिच्यावर घातलं ना म्या नाव. तुह्या मांडीत हाये ना ते."

देवकी हसली. मार्तंड तिळगुळाचा डबा उघडत होता, त्याचा हात थांबला.

"काय म्हणालात मामाजी?"

"बजारात लोक सांगत होते, दवाखान्यात पट्टी बदलून टाकतात म्हनून. म्या म्हटलं, कोन बदलवते पाहू! रातभर घरीच होती. ठोकून देल्लं नाव. 'देवकी.'"

"कुठं घातलं?"

"मधात. मोकळी जागा होती, सुबक बसलं."

"वरच्या अंगानं?"

"वरच्याच. खालून कोनाले दिसते?"

भाराने मांडीचे हाड किंचित वाकले की पट्टीचे वरचे अंगच ताणले जाते. मधल्या भागाखालीच हाड मोडलेले होते. मार्तंडला हे सांगायचे नव्हते, पण त्याच्या तोंडून निघून गेले.

"मामाजी, ते परात नाही हो! त्याच्यावर माणूस उभं राहते. जिथं ओरखडा असते तिथूनच पोलाद तुटते. मी रोज दुसरं काय पाहून राहिलो?"

 नत्थूजींनी हातातली वाटी इतरांवर रचून ठेवली, मग ती थोडी तिरकी वाटली म्हणून पुन्हा सरळ केली.

"तुटली नाई ना अजून," देवकी म्हणाली. "तिळगूळ द्या बाबांना."

दुसऱ्याच आठवड्यात मार्तंड डॉक्टरांकडे गेला. डॉक्टरांनी नवा एक्स-रे खिडकीच्या उजेडात धरला. पट्टी पांढरी, सलग. तिच्या खाली हाडाच्या दोन टोकांमध्ये काळी रेघ.

"नाव मी टेबलावरच पाहिलं होतं," डॉक्टर म्हणाले. "पेशंटची मांडी उघडी आहे, हातात एकच पट्टी आहे. दुसरी कुठून आणणार होतो?"

"आता काढून बदलता येईल?"

"येईल. म्हणजे पुन्हा सगळे स्नायू उघडायचे, हाडाचा रक्तपुरवठा पुन्हा तोडायचा, जंतूंना दार उघडून द्यायचं. जी पट्टी आज शाबूत आहे, ती तुटेल म्हणून? तुम्ही माझ्या जागी असता तर केलं असतं?"

 कोराडीत मार्तंडच्या शिफारशीवर नळ्या बदलल्या जात. पण नळी बदलताना तिला ताप येत नसे.

"मग तिनं चालूच नये का?"

"चालायला तर हवंच. थोडा थोडा भार टाकत. हाड भार आला तरच भरून येतं. भार नसला तर ते विरघळायला लागतं. तुमच्या पोलादाचं नेमकं उलटं." डॉक्टरांनी एक्स-रे पाकिटात घातला. "प्रत्येक मोडलेल्या हाडात ही शर्यत असते. हाड आधी जुळतं की पट्टी आधी थकते. आपण फक्त पाहायचं."

घरी येऊन त्याने देवकीला निम्मेच सांगितले: हळूहळू चाल. ती चालू लागली. न्हाणीपर्यंत, मग ओट्यापर्यंत, मग दारापर्यंत. आधी कुबड्यांचा टक्, मग पावलाचा दबका आवाज. पाऊल पडले की हाडाला हवा असलेला भार मिळत होता, आणि त्याच पावलाने पट्टी किंचित वाकून सरळ होत होती. थांबवावे तर हाड वाळणार, चालवावे तर पट्टी थकणार. एकदा तो "बस आता" म्हणाला, आणि थोड्या वेळाने त्यानेच "जरा फिरून घे ना" म्हटले.

"ओ, एक काय ते ठरवा ना," देवकी म्हणाली. "पायाले कळून नाई राहिलं, कोनाचं आयकावं."

नत्थूजी दर रविवारी बसने येत. पूर्वी ते आल्याआल्या लेकीशी थट्टा करीत. आता दाराशी चपला काढतानाच ते तिच्या पायाकडे पाहत. नावाचा विषय त्यांनी काढला नाही, आणि मार्तंडनेही नाही. एकदा देवकी उठताना मांडीत कळ आली म्हणून "आई गं" म्हणाली, तर नत्थूजी हातातला चहा तसाच ठेवून बाहेर अंगणात जाऊन उभे राहिले.

चैत्रातला एक्स-रे आला. काळी रेघ तशीच होती. कडेला धुक्यासारखे थोडे पांढरे, नवे हाड धरत असावे तसे, मार्तंडला दिसले, पण डॉक्टर "सांगता येत नाही" म्हणाले.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी, भर दुपारी, देवकीने खिडकीत मुगवड्या वाळत घातल्या होत्या. वारा फिरला आणि वीजकेंद्राची राख आत येऊ लागली. खिडकी लावायला ती उठली. पडली नाही, घसरली नाही. दोनच पावले टाकली आणि मांडीत सुपारी फोडल्यासारखा आवाज झाला. तुळसाबाईने तिला धरून पलंगावर टेकवले.

मार्तंड आला तेव्हा ती भिंतीकडे पाहत होती. मांडीला नसावा तिथे बाक आला होता.

"खिडकी लावायची राहून गेली," ती म्हणाली. "वड्या उचलून ठेवा."

दुसरे ऑपरेशन मोठे झाले. या वेळी कंबरेच्या हाडाचे चुरे काढून मोडलेल्या जागेत भरले आणि अधिक जाड पट्टी बसवली. ती मार्तंडने स्वतः आणली. जुन्या पट्टीचे दोन तुकडे त्याने डॉक्टरांकडून मागून घेतले.

दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत त्याने ते सूक्ष्मदर्शकाखाली धरले. काय दिसणार हे त्याला ठाऊक होते. फक्त कोणत्या अक्षरातून, तेवढेच पाहायचे होते. तुटलेल्या अंगावर लाटा होत्या, ओढ्याचे पाणी ओसरताना काठाच्या गाळात रेघा राहतात तशा, एकीच्या आत एक. त्या आकसत जिथे मिळत होत्या तिथे तडा जन्माला आला होता. ती जागा नावापासून दूर होती. स्क्रूच्या भोकाची कड होती ती. भोकामुळे तिथे पट्टी आधीच अरुंद झालेली, ताण तिथेच गोळा झालेला.

त्याने नाव पाहिले. 'देवकी' एकाच तुकड्यावर सगळेच्या सगळे शाबूत होते. एकेक ठिपका त्याने भिंगाखालून सरकवला. प्रत्येकाचा तळ गोल, हातोडीने चेपून घट्ट झालेला. कुठेही केसाएवढी चीर नव्हती.

तो खुर्चीला टेकून बसला. संक्रांतीपासून मनात धरलेली गोष्ट खोटी ठरली होती, आणि त्याने ती एका म्हाताऱ्या माणसाला त्याच्या लेकीसमोर सांगितली होती. त्याने तुकडे रुमालात बांधले, एक भिंग खिशात टाकले आणि टेबल तसेच सोडून शहराची बस धरली.

इतवारीत हातगाड्यांच्या गर्दीतून तो दुकानात पोचला तेव्हा एक बाई पितळी गडवा घेऊन नाव घालून मागत होती.

"समोर चंपतरावकडे घालून देतात," नत्थूजी तिला सांगत होते. "आमच्याकडे बंद झालं."

छिन्नी-हातोडीची पेटी नेहमीच्या जागी नव्हती. बाई कुरकुरत गेली. मार्तंड बाकावर बसला आणि रुमालातून तुकडे काढून त्याने गादीवर ठेवले.

"मामाजी, मी चुकीचं बोललो होतो. नावानं नाही तुटली. हे पाहा." त्याने भिंग त्यांच्या हातात दिले. "ह्या रेघा पाहा. इकडून सुरू झाल्या, ह्या भोकाच्या कडेपासून. नाव तिकडे आहे. त्याला काही झालेलं नाही."

नत्थूजींनी भिंग धरले. बराच वेळ ते पाहत राहिले. धातूशी त्यांचा जन्म गेला होता. कड कशी वागते हे त्यांना समजावून सांगावे लागले नाही.

"भोकातून," ते म्हणाले.

"भोकातून. तुमचा काही दोष नाही."

नत्थूजींचा चेहरा सैल झाला. तुकडा त्यांनी तळहातावर घेतला, नावावरून अंगठा फिरवला. "म्हंजे माह्या हातानं नाई झालं?"

"नाही मामाजी."

"बरं झालं बापू सांगितलं. लय दिवस झोप नव्हती." मग त्यांचा अंगठा भोकापाशी येऊन थांबला. "जवाईबापू, नवी पट्टी टाकली, तिले बी भोकं हायेत?"

मार्तंडला हा प्रश्न येईल असे वाटले नव्हते.

"असतातच. त्याशिवाय स्क्रू कशातून घालणार."

"अशेच?"

"जाड आहे ती. पण भोकं असतात."

"आन हाड?"

"हाडाचं अजून सांगता येत नाही. चार-सहा महिने पाहावं लागेल."

नत्थूजींनी तुकडा रुमालावर ठेवला. समोर एक टेम्पो गल्लीत अडकला होता आणि हमाल एकमेकांवर ओरडत होते. तो निघून गेल्यावर त्यांनी विचारले.

"नव्या पट्टीवर नाव नाई ना?"

"नाही."

"कोनी नाई घातलं?"

"नाही हो. मी स्वतः आणली. फडक्यातून थेट डॉक्टरांच्या हातात दिली."

"मंग नावानंच तुटली होती ते," नत्थूजी म्हणाले.

"मामाजी, मी आत्ताच तुम्हाला दाखवलं..."

"तुमी दाखवलं, म्या पायलं." त्यांनी रुमालाची चारही टोके जुळवून गाठ मारली आणि पुरचुंडी मार्तंडच्या हातात दिली. "नावानंच तुटली. नवीवर तर नाव नाई. देवकीलेबी तसंच सांगा."

मार्तंड पुरचुंडी हातात धरून बसून राहिला.  दुकानाच्या पायरीवर नवे गिऱ्हाईक आले. परातीचा भाव ठरला, आणि नाव कुठे घालून मिळेल म्हणून गिऱ्हाइकाने विचारले, तेव्हा नत्थूजींनी हात करून समोरचे दुकान दाखवले.