तिप्पट मागणी आणि उलटं पातं

मी रंधा. लाकडाचा ठोकळा, मधे खाच, खाचेत लोखंडी पातं आणि ते घट्ट धरायला एक पाचर. एवढाच माझा संसार. शाळेचं तोंड मी पाहिलेलं नाही, त्यामुळे गोड बोलणं येत नाही. पण मागच्या महिन्यात जे पाहिलं ते अजून पचत नाहीये, म्हणून बोलतोय. ऐकायचं तर ऐका.

मला माझ्या सुतारानेच घडवलं. तेव्हा त्याला नुकत्याच मिशा फुटत होत्या. पुढे त्या मिशा पिकल्या, गळून पडाव्या तशा विरळ झाल्या, तरी मी त्याच्याच हातात. किती दारं, किती पाळणे, किती शवपेट्या माझ्या पोटाखालून गेल्या, त्याची मोजदाद नाही. लोक दारावरून हात फिरवतात आणि म्हणतात, "वा, काय गुळगुळीत!" रंध्याचं नाव कुणी घेत नाही. माणसाची जातच तशी.

मग म्हाताऱ्याचे डोळे गेले. आधी आखलेली रेघ दिसेना, मग फळी, मग समोरचा माणूस. लेकीने ठरवलं, बाबांना आपल्या घरी न्यायचं, दुकान रिकामं करायचं. जागेच्या मालकाने तीन आठवड्यांनंतरच्या सोमवारपर्यंतची मुदत दिली. हत्यारं ती एकेक करून फोनवरच्या लिलावात टाकायला लागली. आधी पटाशा टाकल्या. सात दिवस कुत्रंही फिरकलं नाही. शेवटी भंगारवाल्याने त्या वजनावर नेल्या. म्हातारा त्या दिवशी जेवला नाही.

मग माझी पाळी. लेकीने मला पुसलं, पाचर काढली, पातं घासून चकचकीत केलं, परत बसवलं आणि फोटो काढला. तळहाताएवढ्या काचेत मी अख्खा मावलो! खाली आकडा आला. लेक म्हणाली, "बाबा, छप्पन्न जण बघताहेत."

छप्पन्न! आमच्या दुकानात चार गिऱ्हाइकं आली की पाचव्याला दारात उभं राहावं लागायचं. ही छप्पन्न माणसं उभी तरी कुठे होती? ना पावलं वाजली, ना कुणी खोकलं. 

तासाभरात फोन टुणकन वाजला. लेक ओरडलीच, "बाबा! एक जण आपण लावलेल्या किमतीच्या तिप्पट द्यायला तयार आहे. म्हणतो, लिलाव थांबवा, आत्ताच द्या."

जावई चहा टाकून धावत आला. "मग बघतेस काय? दे! हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नये."

म्हातारा म्हणाला, "एवढी घाई कुणाला असते, जावईबापू? ज्याला वस्तू फार कळते त्याला, नाहीतर ज्याला काहीच कळत नाही त्याला. हा कुठला, ते बघू. पोरी, विचार त्याला, रंधा कशाला हवाय?"

उत्तर लगेच आलं. हॉटेल काढलंय. भिंतीवर जुनी हत्यारं टांगायचीत. रंध्याला चकाकी देऊन दिव्याखाली लावणार.

दिव्याखाली! माझ्या पाचरीचा जीव अर्धा झाला.

"त्याला सांग, लिलाव सात दिवसांचा आहे. हवं तर त्यानेही बोली लावावी," म्हातारा म्हणाला. "लाकूड दुकानात आलं की सात दिवस मी त्याला हात लावत नाही. इथली हवा अंगी लागल्याशिवाय ते खरं वागत नाही. मग रंध्यालाच का घाई?"

"बाबा, पटाशा विसरलात?" लेकीचा आवाज चिरकला. "कुणी आलंच नाही तर? सोमवारी हा चुलीत जाईल."

"जाऊ दे. पण सात दिवस."

हॉटेलवाला चिडला. आज नाही म्हणालात, उद्या हा भाव विसरा, असं लिहून तो गेला तो गेलाच.

मग शांतता. एक दिवस, दोन दिवस, चार दिवस. एक बोली नाही. जावई येता-जाता म्हणायचा, "तिप्पट होते हो, तिप्पट." लेक तासातासाला फोन उघडून बघायची, ते जास्त टोचायचं. म्हातारा दिवसभर माझ्यावर हात ठेवून बसायचा. बोटं सारखी माझी पाचर चाचपत होती. ताठा सगळा जिभेत होता, हे मला एकट्याला माहीत.

पाचव्या दिवशी कुणा बाईचा प्रश्न आला. लेकीने वाचला, "नमस्कार. मी लाकडी होड्या बांधते. तुमच्या फोटोत पातं उलटं बसलंय. चुकून का? आणि तळ अजून सपाट आहे का?"

लेक शरमेने लाल झाली. "अगं बाई, मीच बसवलं ते!"

आणि म्हातारा हसला. पोट धरून, खोकला येईपर्यंत हसला. "अगं वेडे! सुताराची लेक ना तू? हॉटेलवाला तिप्पट देत होता, त्याला दिसलं नाही. छप्पन्न जणांत एकीला दिसलं!"

त्याने आंधळ्या बोटांनी पाचर काढली, पातं फिरवलं, अंगठ्याने धार चाचपली, पाचर ठोकली. "फोन धर," म्हणाला आणि पडलेल्या फळीवर मला एकदाच लांब ओढलं. सलग, पातळ छिलका निघाला, कांद्याच्या सालीसारखा, त्यातून खिडकी दिसावी असा. डोळे नसलेल्या माणसाने काढलेला! मी त्याचाच, तरी मी थक्क झालो.

लेकीने ती चित्रफीत टाकली. सातव्या दिवशी, लिलावाच्या शेवटच्या दहा मिनिटांत पाच जणांनी बोली लावल्या. कुठले कोण, एकमेकांची तोंडं न पाहिलेले, एका जुन्या ठोकळ्यासाठी भांडत होते. होडीवाली जिंकली.

"पण बाबा, तिपटीपेक्षा कमीच झाले की," जावई म्हणाला.

"कमी झाले. मलाही मोजता येतं. भिंतीसाठी मी रंधा बनवला नव्हता."

दरवेळी थांबाच, असं मी सांगणार नाही. थांबलेल्या पटाशा भंगारात गेल्या, हेही मीच पाहिलंय. पण पहिल्याच तासाला कुणी पैसे नाचवत आला, तर त्याला एवढं तरी विचारा की बाबा रे, नेऊन काय करणार?

खोक्यात मी बारा दिवस होतो. मग झाकण उघडलं. डांबराचा वास, समोर होडीच्या उघड्या बरगड्या, आणि चरे पडलेले दोन हात. त्या बाईने मला उचललं, वजन घेतलं आणि फळीवर ठेवलं. तळावर नाही, कुशीवर ठेवलं. पात्याची धार टेकू नये म्हणून खरा कारागीर रंध्याला असाच निजवतो, कुणी न सांगता.

म्हाताऱ्या, ऐकतोस ना? मी कुशीवर आहे.