एक घंटी, तीन नावे

पितळेची आहे मी, मित्रांनो, आणि चांगली जुनी. बर्लिनच्या वेडिंग भागात एका पाचमजली इमारतीच्या दाराशेजारी चार स्क्रूंनी बसवलेली घंट्यांची पाटी. माझ्यावर अठ्ठावीस बटणे आहेत आणि प्रत्येक बटणाशेजारी एक नाव. आमच्याकडे घरांना आतून नंबर नसतात. इमारतीचा आकडा भिंतीवर असतो. आत कोण राहते ते मी सांगते. टपालवाला, डॉक्टर, बंबवाले, सगळे आधी माझ्यापुढे उभे राहतात, बोट फिरवतात आणि वाचतात. याचा मला अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही.

दोन भाग तांबे, एक भाग जस्त. दोन गल्ल्या पलीकडच्या अंगणातल्या कारखान्यात मला कापले, भोके पाडली आणि माझ्या पाठीशी तारा जोडल्या. बटण दाबले की वीज वर धावते, लोखंडाच्या तुकड्यात चुंबक जागा होतो आणि छोटी हातोडी वाटीवर आपटते. गेल्या शंभर वर्षांत हे शास्त्र बदललेले नाही. बदलली ती नावे. सुरुवातीला पूर्वेकडून आलेल्या पोलिश मजुरांची होती. मग एका वाईट काळात काही नावे माझ्यावरून खरवडून काढली गेली. त्या ओरखड्यांवर आजही पॉलिश नीट बसत नाही. पुढे अक्षरांना शेपट्या असलेली तुर्की नावे आली, पट्टीत मावता न मावणारी तमिळ नावे आली, घानाची, व्हिएतनामची आली. आज माझ्यामागे एकशे सहा माणसे राहतात. मला वाचता येत नाही अशी भाषा क्वचितच उरली असेल.

आमचे देखभालदार हेर पित्रुश्का. आमच्याकडे नावाआधी आदराने पुरुषाला ‘हेर’ आणि बाईला ‘फ्राउ’ लावतात. त्यांचे आजोबाही याच इमारतीत राहत. दर शुक्रवारी ते मला पॉलिश लावतात आणि एखादी पट्टी तिरकी दिसली तर फूटपट्टी आणून सरळ करतात. त्यांच्यासारखी निगा कुणी राखली नाही. पण त्यांचा एक नियम होता : एका घंटीला एकच नाव. जास्त नावे दिसली की त्यांना वाटे, कुणी चोरून पोटभाडेकरू ठेवलेत.

आमच्याच इमारतीच्या मागच्या भागात तिसऱ्या मजल्यावर एरिट्रियाचे एक कुटुंब राहायला आले. मेहारी ओक्बाय, त्याची बायको लेतिना गिरमाय आणि मुलगी विंता मेहारी. त्यांच्या देशात आडनाव नसते. आपल्या नावापुढे वडिलांचे नाव, बस्स. हेर पित्रुश्कांनी भाडेकरारावरचे नाव पाहिले आणि पट्टीवर लिहिले : ओक्बाय.

लेतिना तिकडे नऊ वर्षे परिचारिका होती. इथे ती वृद्धाश्रमात मदतनीस म्हणून काम करत होती, कारण तिची पदवी मान्य व्हायला एक परीक्षा बाकी होती. तारखेचे पत्र टपालाने येणार होते.

पत्र आले. त्या आठवड्यांत आमची नेहमीची टपालवाली नुर्तेन गुडघ्याच्या शस्त्रक्रियेमुळे रजेवर होती. बदलीवर आलेल्या माणसाने चष्मा वर सरकवला आणि माझ्यावरून दोनदा बोट फिरवले. गिरमाय नव्हते. त्याने लिफाफ्यावर ‘पत्त्यावर अशी व्यक्ती नाही’ असे लिहिले आणि तो निघून गेला. पंधरा दिवसांनी पुन्हा तसेच झाले. लेतिना वर स्वयंपाकघरात होती, मित्रांनो, आणि मी गप्प होते. माझ्या आयुष्यात मला इतकी लाज कधी वाटली नाही.

परीक्षा कचेरीने तिला फोनवर सांगितले की तिसरे पत्र उद्या पाठवतो, तेही परत आले तर जागा दुसऱ्याला जाईल. लेतिना खाली आली, कागदावर नाव लिहिले आणि जखमेवर लावायच्या चिकटपट्टीने ते माझ्यावर चिकटवले. हेर पित्रुश्कांनी ते नखाने काढले. नेमकी त्याच दिवशी नुर्तेन कामावर परतली होती. पत्रांची गाडी ढकलत ती दाराशी आली.

“फ्राउ ओक्बाय, इथे काहीही चिकटवायचं नाही,” हेर पित्रुश्का लेतिनाला म्हणाले.

“मी ओक्बाय नाही. ते माझे सासरे. ते अस्मारात असतात, तुम्ही त्यांना काहीही म्हणा.”

“एक कुटुंब, एक नाव. तुम्ही बायकोच ना त्यांच्या?”

“बायको मी आहे. पण माझ्या वडिलांचं कुठे लग्न झालंय त्यांच्याशी? त्यांचं नाव कसं बदलेल?”

नुर्तेन इतकी हसली की गाडीला धरून उभी राहिली. “ऐका हो पित्रुश्का! आणि तुमचं नाव तरी बरोबर आहे का इथे? पोलंडमध्ये असं लिहीत नाहीत म्हणे.”

“नुर्तेन, तू पत्रं वाट.”

“वाटते ना! पण कुणाला? तुमच्या पाटीवर अर्धीच माणसं राहतात.”

हेर पित्रुश्का हसले नाहीत. त्यांनी आपल्याच पट्टीकडे पाहिले. शंभर वर्षांपूर्वी कोरणाऱ्याने ते नाव कानाला जसे ऐकू आले तसे कोरले होते, आणि मग कचेऱ्यांनी माझ्यावरून उतरवून घेतले होते. ही गोष्ट त्यांच्या घरी सगळ्यांना माहीत होती. बोलत कुणी नसे.

“पत्र कधी येणार?” त्यांनी विचारले.

“परवा.”

“कोरणारा दोन आठवडे लावतो.” त्यांनी खिशातून पेन्सिल काढली. “अक्षरं सांगा. सावकाश.”

लेतिनाने सांगितली. “गिरमायमध्ये जीनंतर एच आहे, तो विसरू नका.”

“एच? ऐकू तर येत नाही.”

“ऐकू येत नाही, पण आहे.”

तळघरातून दिवसभर हातोडीचा आवाज येत राहिला. दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्यावर नवी पट्टी बसवली : ओक्बाय, गिरमाय, मेहारी. प्रत्येक अक्षर तीन मिलिमीटर उंच, तीन ओळी. एच जरा तिरका पडला होता. फूटपट्टी आणली नाही त्यांनी. फक्त अंगठ्याने पुसला.

परवाच्या दिवशी नुर्तेनची सुट्टी होती. बदलीवरचा तो चष्मा लावणारा टपालवाला आला, हातात सही घेऊनच द्यायचा लिफाफा. त्याचे बोट खाली येत येत दुसऱ्या ओळीवर थांबले. त्याने बटण दाबले. माझ्यातून वीज धावली, आणि लेतिना पायात नुसते मोजे घालून तीन जिने उतरून आली. तिची सही लिफाफ्यापेक्षा लांब झाली.

मित्रांनो, मी धातू आहे. मला डोके नाही. माझ्यावर ज्याचे नाव नाही, ते माणूस दारात उभे असले तरी मी ‘नाही’ म्हणते. एवढे मोठे काम आमच्यासारख्या पाट्यांवर सोपवता, तर त्यांच्याकडे पाहत जा. पुसट झालेले नाव पुन्हा लिहा. आणि नवे माणूस राहायला आले, तर आधी त्यालाच विचारा, कसे लिहायचे.