केवळ धोक्यात आलेल्यांसाठी

मित्रांनो, प्लास्टिकला स्मृती नसते असे शास्त्र सांगते. शास्त्राचा पूर्ण मान राखून मी एवढेच म्हणेन की मी एक जुने, रद्द झालेले, निळे कार्ड आहे आणि मला सारे आठवते.

माझे नाव 'बिल्डुंग्सकार्टे', म्हणजे शिक्षणाचे कार्ड. दक्षिण जर्मनीतल्या एका लहानशा विद्यापीठाच्या गावी, २०१२ साली, एका यंत्राने मला आणि माझ्या असंख्य भावंडांना जन्म दिला. ज्या घरांची मिळकत बेताची आहे, त्यांच्या मुलांना शाळेतले जेवण, सहली आणि खासगी शिकवणी मिळावी म्हणून सरकार आमच्या खात्यांत पैसे ठेवत असे. योजनेच्या नावात 'ताइलहाबे' असा एक भव्य शब्द होता. ताइलहाबे म्हणजे वाटा असणे. तो वाटा हाती कधी पडणार, हे मात्र त्या शब्दात कुठे बसवलेले नव्हते.

मी अपेक्षाच्या हाती आलो. तिचे पप्पा उज्ज्वल नांदेडहून संशोधनासाठी आले होते. विद्यापीठात त्यांना 'अर्धी जागा' मिळाली होती. याचा अर्थ पगार अर्धा, काम पूर्ण. तिची मम्मी हर्षा जर्मन शिकत होती, पण सरकारी खिडकीपुढे उभी राहिली की शिकलेले सारे विसरत असे. म्हणून अशा प्रत्येक ठिकाणी ती लेकीला दुभाषी म्हणून सोबत नेई. मम्मी मराठीत बोले आणि लेक बहुधा जर्मनमध्येच उत्तर देई. मराठी ती राखून ठेवी, खास प्रसंगांसाठी.

माझे पहिले दिवस मानाचे होते. शाळेच्या भोजनगृहात एका छोट्या यंत्राच्या फटीत मला सरकवले की हिरवा दिवा लागे आणि वाढणाऱ्या बाई "पास्ट!" म्हणत. जमलं! त्या एका शब्दासाठी मी दुपारची वाट पाहत असे.

चौथीच्या सुरुवातीला वर्गाची सहल प्राणिसंग्रहालयात गेली. तिचा खर्चही मीच उचलला. ओरांगउटानच्या घरापुढे पाटी होती: 'गेफेअर्डेट', म्हणजे धोक्यात आलेला. ज्यांच्या पाटीवर हा शब्द असतो त्यांना वेगळा डॉक्टर, वेगळे अन्न आणि ऊबदार घर मिळते, असे तिथल्या बाईंनी सांगितले. घरी आल्यावर अपेक्षाने मम्मीला विचारले,

"आणि ज्यांच्या पाटीवर हा शब्द नाही, ते?"

"ते आपलं आपण बघतात," हर्षा भांडी घासता घासता म्हणाली.

आता तुम्हाला त्या प्रांतातली एक रीत सांगायला हवी. तिथे चौथीतल्या मुलांना मे महिन्यात एक प्रमाणपत्र देतात. वर्षभराच्या गुणांवरून मूल पुढे कोणत्या शाळेत जाणार, ते त्यावर ठरते. विद्यापीठाकडे सरळ नेणारी शाळा म्हणजे 'गिम्नाझियुम'. गुण एकपासून सहापर्यंत असतात आणि एक सर्वांत उत्तम. जर्मन भाषेत अपेक्षाला तीन मिळत होते. हवे होते दोन. तिची जिवलग मैत्रीण गिम्नाझियुमला जाणार होती आणि त्यासाठी पावाच्या दुकानावरच्या खासगी शिकवणीला जात होती. शाळेतून परतताना अपेक्षा त्या खिडकीखाली रेंगाळत असे. आत भिंतीवर नकाशे होते, टेबलावर पिवळा दिवा होता, आणि दाराशी माझ्यासाठी एक फट होती. आम्ही दोघेही वर पाहत असू.

स्काइपवर नांदेडच्या कांताआजींनी आपल्या लेकाला, उज्ज्वलना, विचारले, "पोरीला कशात घालणार म्हणालास?"

"गिम्नाझियुममध्ये, आई."

"अरे, एवढं शिकून पोरीला तालमीत घालतोस? काडीसारखी तर आहे ती!"

"आई, तालीम नाही हो, शाळा आहे ती," हर्षा हसू दाबत म्हणाली.

"मग शाळा म्हणा की! नावं ठेवायलासुद्धा माणसं मिळेनात का तिकडं?"

त्या आठवड्यात हर्षा आणि अपेक्षा मला घेऊन सरकारी खिडकीपाशी गेल्या. खिडकीतल्या बाई वागायला सौजन्यशील होत्या. निर्दय नियमांना अशी माणसे नेहमी मिळतात.

"आल्झो, तर मग," बाई म्हणाल्या, "शिकवणीचा खर्च कार्डातून होतो, पण मुलाचं वरच्या वर्गात जाणं गेफेअर्डेट असेल तरच. हिला तीन आहेत. तीन म्हणजे समाधानकारक. पाच असते, तर लगेच मंजूर केलं असतं."

तीन या गुणाचे अधिकृत नाव खरोखरच 'समाधानकारक' आहे. समाधान कोणाचे झाले, याची नोंद ठेवत नाहीत.

"काय म्हणाल्या?" हर्षाने विचारले.

अपेक्षा काचेकडे पाहत राहिली. मग मराठीत म्हणाली, "थोडं थांबा म्हणतात."

"एवढं लांबलचक बोलल्या आणि एवढंच?"

"जर्मन लांबच असतं, मम्मी."

त्या हिवाळ्यात अपेक्षाला पाच मिळू लागले. जर्मनमध्ये प्रत्येक नामाचे पहिले अक्षर मोठे लिहितात. पहिलीतले मूलही ते चुकवत नाही. अपेक्षा एकूण एक नाम लहान अक्षराने लिहू लागली. शाळेच्या बाई चिंतेत पडल्या आणि त्यांनी शिकवणीची शिफारस केली. वसंत आला, आणि ज्या फटीकडे मी इतके दिवस खालून पाहत होतो, तिच्यात मी सरकलो. हिरवा दिवा लागला. मित्रांनो, मी केवळ एक कार्ड. मला वाटले, आपण जन्मलो ते याच क्षणासाठी.

शिकवणीच्या फ्राऊ केम्फ यांनी पहिल्याच तासाला उतारा लिहून घेतला. उज्ज्वल लेकीला न्यायला आले, तेव्हा त्या बुचकळ्यात पडल्या होत्या. "हिचं एकही नाम चुकलेलं नाही. हिला पाच कोणी दिले?"

जिन्यात उज्ज्वलनी लेकीला थांबवले. "खरं सांग. काय केलंस?"

"इख बिन येत्स्त गेफेअर्डेट, पप्पा." मी आता धोक्यात आलेय. शुभवार्ता सांगावी तशी ती म्हणाली. "ओरांगउटानसारखी. आता सगळे माझ्याकडे बघतात. मे महिन्यापर्यंत मी दोन आणीन. गेनाऊ, बरोब्बर दोन!"

उज्ज्वल पायरीवर बसले. प्रमाणपत्रावर वर्षभराची सरासरी लागते, हे त्यांना ठाऊक होते. नऊ वर्षांच्या मुलीला ते ठाऊक नव्हते.

त्या संध्याकाळी ते हर्षाला म्हणाले, "तिकडे शिष्यवृत्तीसाठी दर वर्षी मला सिद्ध करावं लागायचं की मी हुशार आहे. इथे माझ्या पोरीला सिद्ध करावं लागतं की ती बुडते आहे."

"आणि तिनं केलं," हर्षा म्हणाली. "तुमचीच लेक."

उज्ज्वल शाळेत गेले. बाईंच्या डोळ्यांत पाणी आले, पण गुण बदलले नाहीत; एकदा दिलेले गुण पाण्याने पुसले जात नाहीत. मे महिन्यात मैत्रिणीची वाट गिम्नाझियुमकडे वळली, अपेक्षाची दुसरीकडे. जुलैमध्ये, वर्षाच्या शेवटच्या चाचणीत, तिने जर्मनमध्ये दोन आणले. तिचा शब्द खरा ठरला, फक्त उशिरा. आणि दोन आणल्यामुळे ती धोक्यातून बाहेर आली, असे ठरवून शिकवणीची फट मला बंद करण्यात आली. नियमात सुसंगतीचा अभाव होता, असे कोणालाही म्हणता येणार नाही.

पुढे नवी कार्डे आली आणि मी एका नकाशांच्या पुस्तकात खुणेसाठी पडून राहिलो. २०१९ च्या उन्हाळ्यात रेडिओवर बातमी लागली. नियम बदलला होता. आता शिकवणीसाठी मूल नापास होण्याच्या धोक्यात असण्याची गरज उरली नाही. अपेक्षा तेव्हा पंधरा वर्षांची होती. पुढच्या वर्षीच्या मोठ्या परीक्षेसाठी ती माझ्या कडेने कागदावर रेघा आखत होती. गिम्नाझियुमला न जाताही विद्यापीठाकडे एक वाट जाते. लांबची, पण जाते.

तिचा हात थांबला.

"टाकून दे गं ते कार्ड आता," हर्षा हळूच म्हणाली.

"नको." ती मराठीत म्हणाली. "याची कड सरळ आहे."

मित्रांनो, मला आता कोणतीही फट ओळखत नाही. तरी एक मागणे आहे. मोठे झाल्यावर तुमच्यापैकी कोणी खिडकीच्या आत बसेल, कोणी नियम लिहील. तेव्हा बुडणाऱ्याला हात द्याच; पण जे मूल काठावर उभे राहून नुसते वर पाहत असते, ज्याला तीन मिळतात आणि दोन हवे असतात, त्यालाही विचारा. ते बुडेपर्यंत थांबू नका. मुले फार शहाणी असतात. बुडल्यावरच हात मिळतो असे त्यांना सांगितले, तर ती बुडून दाखवतात.

आणि मी? मी अजून शिकवणीच्या त्या हिरव्या दिव्याची वाट पाहतो. पुढचा नव्हे. तो मागचाच, फक्त एका हिवाळ्याने आधी लागलेला.