हात न लावता

आमच्या ह्यांनी जन्मात घरातल्या कशाला हात लावला नाही. प्यायलेला कप उचलणार नाहीत की पडदा सारणार नाहीत. त्यामुळे निवृत्त झाल्यावर त्यांनी हात न लावता वाजणारं वाद्य करायला घेतलं, याचं मला मुळीच आश्चर्य वाटलं नाही. थेरेमिन म्हणतात त्याला.

जेवणाच्या टेबलावर सोल्डरिंगचा धूर सुरू झाला. नळाच्या प्लॅस्टिक पाइपवर तांब्याची तार गुंडाळणं चाललं. वेढे मोजताना मी काही विचारलं की झालं, पुन्हा पहिल्यापासून! मी आपली टेबलाशेजारच्या माझ्या खुर्चीत बसून उसवलेले कपडे शिवत असायची. घरात चांगला उजेड तेवढा तिथेच.

"अगं, समजून तर घे," हे म्हणाले. "आत दोन सर्किटं आहेत. दोघांचा सूर इतका उंच, की माणसाला ऐकूच येत नाही. एकाचा सूर पक्का बांधलेला. दुसरं या तांब्याच्या नळीला जोडलंय. नळीजवळ हात नेला की त्याचा सूर सरकतो. मग दोघांत जो फरक पडतो, तेवढाच आपल्याला ऐकू येतो."

"म्हणजे आपल्यासारखंच. एरवी चिडीचूप, फरक पडला की शेजाऱ्यांनाही ऐकू जातं."

"शेजाऱ्यांचा काय संबंध?" ह्यांनी गंभीरपणे विचारलं.

पहिल्यांदा ते वाजलं तेव्हा मांजराच्या शेपटीवर पाय पडला असं वाटून मी टेबलाखाली बघितलं. पण महिन्याभरात ओळखू येईल अशी एक चाल निघायला लागली. फक्त मी सुई ओवायला वाकले की ह्यांचं ओरडणं ठरलेलं, "हलू नकोस! तुझ्या अंगानंही सूर सरकतो."

आणि मग एक दिवस ह्यांनी जाहीर केलं, "तुझ्या निरोपाच्या कार्यक्रमात मी वाजवणार."

माझी उभी हयात शाळेत गाणं शिकवण्यात गेली. 'बाईंच्या वर्गात बेसूर खपत नाही' असं मुलं म्हणायची, एवढीच काय ती माझी कमाई. ती शेवटच्या दिवशी आमचे हेच धुळीला मिळवणार! पण नाही म्हणवेना. माझ्या एकाही कार्यक्रमाला हा माणूस कधी आला नव्हता.

शाळेचा हॉल गच्च भरला होता. मी पहिल्या रांगेत गुच्छ सांभाळत बसलेली. ह्यांनी वाद्य चालू केलं मात्र, हात जवळ न्यायच्या आधीच ते भोकाड पसरून रडायला लागलं. हे मागे सरकले, तरी रडणं चालूच. मुलं खिदळायला लागली, मुख्याध्यापिकाबाई छताकडे बघायला लागल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

हे स्टेजवरून सगळ्यांदेखत म्हणाले, "अगं, खुर्ची घेऊन वर ये ना."

रागारागानं खुर्ची उचलून मी गेले. टेबलाशेजारी, घरच्यासारखीच, खुर्ची टाकून बसले. भोकाड थांबलं. मग ह्यांनी हात हवेत उचलला आणि ती चाल वाजवली. दोन जागा घसरल्या, बाकी सुरात होती. टाळ्या ह्यांना पडल्या. माझ्या निरोपाला मी काय केलं? न हलता बसले.

घरी आल्यावर कात्री शोधताना ड्रॉवरमध्ये रेडिओला असतं तसलं एक कोरं बटण सापडलं, प्लॅस्टिकच्या पिशवीतलं.

"हे कसलं?"

"सूर जुळवायचं. मी तू शेजारी बसलेली धरूनच सूर बांधला होता. जवळ कोणी असो-नसो, ते फिरवलं की जुळतो."

"मग बसवलं का नाही? माझ्या निरोपाचं वाटोळं होत होतं!"

ह्यांनी नळीवरची धूळ फुंकली. "हॉलमध्ये तू लांब बसशील हे डोक्यातच आलं नाही," म्हणाले. "आणि घरी बटण असतं, तर तू कशाला बसली असतीस माझ्याजवळ?"

इतकी वर्षं संसार केला, नुसतं 'बस' म्हणायला ह्या माणसाला तांब्याची नळी लागली. मला रडू आलं, आणि रागही तितकाच आला. बटण मी ड्रॉवरच्या पार तळाशी ढकललं आणि खुर्चीत जाऊन बसले.

"वाजवा," म्हटलं. "आणि ती दुसरी जागा घसरतेय, ती आधी नीट करा."